प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो वाचता यायला हवा

शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवावं की नाही, हा वाद आता जवळपास संपला आहे. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून, फिनलंडने २०१६ पासून आणि स्वीडनने २०१८ पासून ते शालेय अभ्यासक्रमात आणलं. इतर अनेक देश त्याच वाटेवर आहेत. आता चर्चा व्हायला हवी ती शिकवण्याच्या पद्धतीची, आणि शिकवणाऱ्याला आपण काय देणार याची. प्रत्यक्षात चर्चा होते ती किती संगणक आले, कुठली भाषा निवडली, आठवड्याला किती तासिका ठेवल्या याची. शिक्षणशास्त्राचे अभ्यासक या प्रश्नावर गेली चार दशकं काम करत आहेत. त्यातून बरीच ठोस उत्तरं हाती आली आहेत, पण धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलापर्यंत ती क्वचितच पोचतात. त्या उत्तरांच्या आधारे माझं म्हणणं असं आहे: खर्चातला सर्वांत मोठा वाटा शिक्षकाच्या तयारीसाठी लागणाऱ्या वेळेवर जायला हवा, आणि वर्गातल्या वेळेचा मोठा वाटा कोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या ओळी, वाचण्यावर. सध्या या दोन्ही बाबतीत नेमकं उलटं चाललं आहे.

एक साधा प्रसंग घेऊ. मुलांसाठी म्हणून मुद्दाम तयार झालेली पहिली प्रोग्रॅमिंग भाषा लोगो. वॉलेस फर्झिग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती १९६७ मध्ये आकाराला आणली. पुढे त्यात कासव आलं: ‘पुढे’ आणि ‘उजवीकडे’ अशा आज्ञा द्यायच्या, कासव चालेल तशी मागे रेघ उमटते. आता मुलांना समभुज त्रिकोण काढायला सांगा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्यांना भूमितीतून पाठ असतं. म्हणून बहुतेक मुलं लिहितात: पुढे १००, उजवीकडे ६०, हे तीन वेळा. पडद्यावर त्रिकोण येत नाही. तीन बाजूंचा एक उघडा आकार येतो, म्हणजे षटकोनाचा अर्धा भाग. कारण कासव शिरोबिंदूपाशी वळतं ते आपल्या चालण्याच्या दिशेपासून, म्हणजे बाह्यकोनातून. १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश वळायला हवं.

या चुकीत भूमितीचा एक सुंदर धडा दडलेला आहे. शिक्षकाने मुलाला उभं केलं, जमिनीवर त्रिकोणी वाटेने चालायला लावलं आणि ‘आता तू मुळात होतास त्याच दिशेला तोंड करून उभा आहेस, मग एकूण किती वळलास?’ असं विचारलं, की उत्तर येतं ३६०. तीन वळणांत ३६० म्हणजे प्रत्येकी १२०. मग चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२, षटकोनाला ६० हे मुलं स्वतःच काढतात. हा प्रश्न कुणी विचारलाच नाही तर मूल ६० च्या जागी ७० घालून बघतं, मग ९०, मग १००, आणि कधीतरी १२० ला आकार जुळतो. मूल खूश होतं आणि पुढच्या आकृतीकडे वळतं. पडद्यावर दोन्ही मुलांचे त्रिकोण सारखेच दिसतात, पण शिकणं एकाच्याच पदरात पडलेलं असतं. दोन्ही वर्गांत संगणक तेच होते आणि भाषाही तीच होती.

ही गोष्ट संशोधनाने फार लवकर दाखवून दिली होती. प्रोग्रॅमिंग शिकलं की मूल एकूणच नियोजनपूर्वक विचार करू लागतं, असा १९८० च्या सुमाराला मोठा विश्वास होता. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कमधल्या बँक स्ट्रीट कॉलेजात तो तपासला. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली कामं कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकायची याचं नियोजन करायला दिलं. लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. त्या वर्गांत मुलं बहुतांशी आपली आपण शोधत शिकत होती. पॅपर्ट यांनी १९८७ मध्ये याला उत्तर देताना म्हटलं की ‘लोगोचा परिणाम काय होतो’ हा प्रश्नच तंत्रकेंद्री आहे. एखादं औषध पाजून परिणाम मोजावा तसा तो मोजता येत नाही, कारण परिणाम घडतो तो वर्गाच्या एकूण संस्कृतीतून.

दोन्ही बाजूंचं म्हणणं एकत्र ठेवून पुढे नेणारं काम डेव्हिड क्लार आणि शेरॉन कार्व्हर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी मुलांना लोगोमधल्या चुका शोधण्याची रीत पायरीपायरीने शिकवली: अपेक्षित काय होतं आणि झालं काय, यातला फरक नेमका सांगा, तो फरक कुठल्या प्रकारच्या आज्ञेमुळे पडू शकतो ते ठरवा, प्रोग्रॅमच्या कुठल्या भागात ती आज्ञा असेल ते शोधा, दुरुस्त करा, पुन्हा चालवून बघा. ही रीत शिकलेल्या मुलांना पुढे संगणकाशी काही संबंध नसलेल्या लेखी सूचनांतल्या चुकाही अधिक चांगल्या शोधता आल्या. म्हणजे कौशल्य एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जातं, पण ते उघडपणे, नाव घेऊन शिकवलं तर. नुसत्या सहवासाने जात नाही.

रॉनी शेरर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा १०५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. प्रोग्रॅमिंगसारख्याच कामांत फायद्याचं प्रमाण (शिकलेल्या आणि न शिकलेल्या गटांतला फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत) ०.७५ आलं, इतर क्षेत्रांत ०.४७, आणि सगळं मिळून ०.४९. शिक्षणाच्या संशोधनात हे आकडे चांगले समजले जातात. पण सर्जनशील विचार आणि गणिती कौशल्यं यांत जो फायदा दिसला, तो भाषेच्या आकलनात दिसला नाही. ‘कोडिंग शिका, सगळ्याच विषयांत हुशार व्हा’ ही जाहिरात त्यामुळे खोटी ठरते. पालकांनी तिच्यावर पैसे घालू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवं.

आता मूळ मुद्दा, वाचण्याचा. पुढच्या चार ओळी बघा.

अ = ३
ब = अ
अ = ७
दाखव ब

शेवटी पडद्यावर काय येईल? उत्तर ३ आहे. नवशिक्या मुलांपैकी बरीच जण ७ म्हणतात. त्यामागे निष्काळजीपणा नसतो. गणितात ‘ब = अ’ लिहिलं की ते नातं कायमचं असतं; अ बदलला की ब बदलणारच. प्रोग्रॅममध्ये तेच चिन्ह एक आज्ञा असते: या क्षणी उजवीकडे जी किंमत आहे ती डावीकडच्या नावाला द्या, आणि पुढच्या ओळीवर जा. वर्षानुवर्षं पक्की केलेली समज इथे आडवी येते. अशा चुकीच्या समजुतींची आता मोठी यादी झाली आहे. एका चलात, म्हणजे किंमत साठवणाऱ्या अ, ब अशा नावात, जुनी आणि नवी दोन्ही मूल्यं राहतात असं वाटणं. ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ‘जोपर्यंत’ या आज्ञेची अट यंत्र सतत तपासत असतं असं वाटणं, जेव्हा खरं तर ती दर फेरीच्या सुरुवातीलाच तपासली जाते. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली समजूत, जिला रॉय पी यांनी १९८६ मध्ये ‘सुपरबग’ म्हटलं: यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलेलं आहे आणि मला काय म्हणायचंय ते त्याला कळेल.

बेनेडिक्ट डू बुले यांनी यावर जो उपाय सुचवला तो आजही कामाला येतो. विद्यार्थ्याच्या डोक्यात यंत्राचं एक साधं, पण बरोबर चित्र उभं करायचं. हार्डवेअरची माहिती त्यासाठी लागत नाही. वहीत एक तक्ता आखायचा: प्रत्येक चलासाठी एक स्तंभ, प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीसाठी एक आडवी रांग. ओळ चालली की बदललेली किंमत लिहायची, जुनी खोडायची. वरच्या चार ओळींचा तक्ता भरायला तीन मिनिटं लागतात आणि ७ हे उत्तर आपोआप मागे पडतं. हा तक्ता रोजच्या सवयीचा व्हायला हवा. आज तो बहुतेक वर्गांत एकदा दाखवून सोडून दिला जातो.

२००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लहान कोड वाचून त्याचं फलित सांगायला दिलं. तोवर समज असा होता की मुलांना प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत कारण त्यांना समस्या सोडवता येत नाही. दिसलं असं की अनेकांना दहा-वीस ओळींचा तयार कोडसुद्धा ओळीने चालवून बघता येत नव्हता. ज्याला वाक्य वाचता येत नाही त्याच्याकडून आपण निबंध मागत होतो.

वाचनापासून सुरुवात करणारी सर्वांत नीट मांडलेली पद्धत म्हणजे सू सेन्टन्स यांची प्रिम. पाच पायऱ्या: अंदाज करा, चालवा, तपासा, बदला, बनवा. २०१९ मध्ये सेन्टन्स, जेन वेट आणि मारिया कालिया यांनी ११ ते १४ वयाच्या सुमारे ५०० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीने शिकलेल्या मुलांची कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा चांगली होती. ४५ मिनिटांच्या तासिकेत ती अशी बसते. आठ ते बारा ओळींचा, नीट चालणारा एक प्रोग्रॅम कागदावर छापून दोघांत एक द्यायचा. पहिली दहा मिनिटं पडदे बंद. जोडीने ठरवायचं की हा चालवल्यावर काय दिसेल, आणि ते लिहून ठेवायचं. मग पाच मिनिटं तोच प्रोग्रॅम तयार फाइलमधून चालवायचा आणि अंदाजाशी ताडून बघायचा. पुढची पंधरा मिनिटं तपासणीची: तिसरी ओळ काढली तर? ही ओळ फेरीच्या आत नेली तर? कुठल्या चलाचं नाव बदललं तरी फरक पडणार नाही? उरलेल्या वेळात छोटे बदल, सोप्याकडून अवघडाकडे. स्वतःचं काही बनवणं पुढच्या तासिकेला.

ही पद्धत फसते ती ठरावीक ठिकाणी. पडदा चालू असला तर मुलं अंदाज न करता थेट चालवतात, आणि पहिली पायरी वाया जाते. म्हणून कागद हवा. अंदाज तोंडी घेतला तर वर्गातली दोन हुशार मुलं बोलतात आणि बाकीची मान डोलावतात. म्हणून तो लिहून घ्यायला हवा, आणि चुकीच्या अंदाजाला गुण कापायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी कुणी प्रामाणिक अंदाज लिहिणार नाही. तपासणीचे प्रश्न शिक्षकाने आधी तयार ठेवलेले नसले तर ती पंधरा मिनिटं ‘समजलं का?’, ‘हो’ यात संपतात. हे प्रश्न तयार करणं हेच सर्वांत अवघड काम आहे. एका चांगल्या प्रोग्रॅमसाठी सहा-सात नेमके प्रश्न बसवायला अनुभवी शिक्षकालाही तासभर लागतो. वेळापत्रकात हा तास कुठेच धरलेला नसतो.

याउलट, सर्वाधिक चालणारी रीत म्हणजे शिक्षकाने फळ्यावर कोड लिहायचा आणि मुलांनी तो टाइप करायचा. जॉन स्वेलर यांच्या बोधनिक भाराच्या सिद्धांताने तिचा दोष केव्हाच समजावून ठेवला आहे. एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात. दहा-अकरा वर्षांचं मूल कीबोर्डवर कंस कुठे आहे ते शोधत असतं, तेव्हा त्या ओळीचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नसते. मग पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक ओळ समासापासून दोनऐवजी चार जागा आत जाते, किंवा वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं येतात, आणि चूक दाखवणारा संदेश येतो जो मुलाला कळत नाही. शिक्षक धावत येतो, माउस हातात घेतो, दुरुस्त करतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. तीस मुलांच्या वर्गात तासिका अशीच संपते.

टाइप करण्याचा हा भार टाळून रचना शिकवायची असेल तर डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली कोडी वापरावीत. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी सुट्या पट्ट्यांवर छापायच्या, त्यांचा क्रम विस्कटायचा, आणि मुलांनी तो लावायचा. कोणती ओळ आत सरकवायची तेही त्यांनीच ठरवायचं. एखादी पट्टी मुद्दाम चुकीची घालावी. एकाहून जास्त घातल्या तर नवशिकी मुलं गोंधळतात आणि कोडं रचनेऐवजी नशिबाचं होतं. फेलीएन हर्मन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेली हेडी ही भाषा हाच विचार वेगळ्या अंगाने करते: पहिल्या पातळीवर अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत, विरामचिन्हांचे नियम पातळीगणिक वाढत जातात, आणि आज्ञा अनेक भाषांत लिहिता येतात. कोड मोठ्याने वाचण्याच्या सरावाने शाळकरी मुलांचं आकलन सुधारतं, हेही हर्मन्स यांनी अलाआदीन स्विदान यांच्यासोबत दाखवलं आहे. भाषेच्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही.

गणिताच्या तासाला प्रोग्रॅमिंग जोडावं का? जोडावं, पण काय होऊ शकतं ते ओळखून. इंग्लंडमध्ये सेलिया हॉयल्स आणि रिचर्ड नॉस यांच्या नेतृत्वाखाली स्क्रॅचमॅथ्स हा, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतून गणित शिकवणारा, उपक्रम शंभराहून अधिक शाळांत यादृच्छिक चाचणीच्या रीतीने, म्हणजे शाळांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून, तपासला गेला. पहिल्या वर्षाअखेरीस मुलांच्या संगणकीय विचारात सुधारणा दिसली. दुसऱ्या वर्षाअखेरीस गणिताच्या राष्ट्रीय चाचणीत फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी अनेक शिक्षकांनी साहित्य पुरतं वापरलंच नव्हतं, कारण त्याच वर्षी त्या चाचणीचं दडपण होतं. साहित्य उत्तम, संशोधक जाणकार, पण शाळेच्या वर्षात जागा नसली की काय होतं त्याचा हा नमुना आहे.

स्वीडनने प्रोग्रॅमिंग थेट गणितात, बीजगणिताच्या भागात घातलं. निर्णय मार्च २०१७ चा, सक्ती जुलै २०१८ पासून. एवढ्या अवधीत गणिताच्या शिक्षकाने प्रोग्रॅमिंग शिकायचं, ते शिकवायचं कसं हे शिकायचं, आणि आपल्या विषयाशी ते कुठे जुळतं तेही शोधायचं. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण. मुलाने पायथॉनला ०.१ + ०.२ विचारलं तर उत्तर येतं ०.३०००००००००००…०४. या क्षणी शिक्षक ‘संगणक कधीकधी चुकतो, सोडून द्या’ म्हणाला तर गणित आणि संगणक दोन्हींचं नुकसान होतं. आणि दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा संपत नाही, तसा यंत्राच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, एक दशांश संपत नाही, म्हणून यंत्र जवळची किंमत ठेवतं, हे सांगता आलं तर संख्यापद्धतीचा असा धडा होतो जो मुलं विसरत नाहीत. हे ज्ञान फक्त गणितज्ञाचं नाही आणि फक्त प्रोग्रॅमरचंही नाही. ते शिक्षकाचं खास ज्ञान आहे. तंत्रज्ञान आणि अध्यापन या दोन्हींवर काम करणारे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक अशा जागा शोधून त्यांची नोंद करतात, म्हणून त्यांचं काम मोलाचं आहे.

पैशाचा हिशेब इंग्लंडच्या उदाहरणावरून लावता येतो. नवा विषय सक्तीचा झाला २०१४ मध्ये. २०१६ मध्ये बीबीसीच्या पुढाकाराने ब्रिटनभरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना लाखोंच्या संख्येने मायक्रोबिट नावाचे, प्रोग्रॅम करता येणारे छोटे संगणक मोफत दिले गेले. चांगलं उपकरण आहे, पंचवीस एलईडींचा पडदा आणि दोन बटणं असलेलं, लहान हातांना झेपणारं. पण सुमारे आठ हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आठ कोटी चाळीस लाख पौंडांची तरतूद जाहीर झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, विषय सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावर. मधल्या काळात विषय पेलला तो जुना संगणक-वापराचा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनी, स्वतःच्या संध्याकाळी खर्च करून. जो देश आता ही वाट धरतो आहे त्याने हा क्रम उलटा करावा. आधी दोन वर्षं शिक्षक, मग साधनं, मग सक्ती. प्रशिक्षणही सुट्टीतल्या तीन दिवसांच्या शिबिरात उरकू नये. दर पंधरवड्याला दोन तास, वर्षभर, आणि दोन बैठकींच्या मध्ये स्वतःच्या वर्गात करून बघायचा एकच धडा. शिक्षक आपल्या मुलांचे चुकलेले अंदाज घेऊन परत आला की खरी चर्चा तिथे सुरू होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, मग हे सगळं कशाला, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. त्याचं उत्तर वाचनातच आहे. यंत्राने दिलेल्या वीस ओळी बरोबर आहेत की नाहीत हे ठरवायला त्या ओळीने चालवून बघता यायला हव्यात, रिकामी यादी दिली तर त्या काय करतील हे विचारता यायला हवं. जेम्स प्रेदर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये २१ नवशिक्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपत अभ्यास केला. ज्यांची समज आधीच पक्की होती त्यांचं काम अशा साधनांनी वेगाने झालं. जे धडपडत होते त्यांपैकी अनेकांना काम पूर्ण करता आलं, पण आपल्याला किती येतं याबद्दल त्यांचा गैरसमज वाढला. नमुना लहान आहे, तरी इशारा गंभीर आहे: मदतीची सर्वांत जास्त गरज असणाऱ्या मुलाचंच यात नुकसान होण्याचा धोका आहे. शाळेत पहिली दोन वर्षं अशी साधनं कोड लिहायला वापरू नयेत. चुका असलेला कोड तयार करून घेऊन त्या शोधायला मुलांना देण्यासाठी शिक्षकाने जरूर वापरावीत.

हे सगळं टिकेल की नाही ते परीक्षा ठरवेल. प्रश्नपत्रिकेत ‘पुढील प्रोग्रॅम लिहा’ एवढंच असलं तर मुलं पाच-सहा प्रोग्रॅम पाठ करतील आणि शिक्षक तेच करून घेतील. त्याऐवजी निम्मे गुण वाचनाला द्यावेत. एक प्रश्न तक्ता भरण्याचा. एक, दिलेला कोड एकूण काय करतो ते एका वाक्यात सांगण्याचा. ‘पहिल्या ओळीत शून्य ठेवतो, मग एक वाढवतो’ असं ओळीगणिक वर्णन लिहिणाऱ्याला अर्धे गुण, ‘यादीतल्या सम संख्या मोजतो’ लिहिणाऱ्याला पूर्ण. एक, चूक कुठे आहे, आणि कोणती किंमत दिली तर ती उघडी पडेल ते सांगण्याचा. या शेवटच्या प्रश्नाला पाठांतर पुरत नाही आणि तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. संगणक नसलेल्या शाळेतही तो विचारता येतो.